अंगठ्याला सुटी, धनुष्याला नव्हे

हाताच्या सांध्यांची तक्रार गाजावाजा न करता घरात शिरते. सकाळी सदऱ्याची गुंडी लागत नाही, पाण्याने भरलेला तांब्या एका हाताने उचलवत नाही, पोत्याचे तोंड आवळताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. बोटांच्या शेवटच्या पेरांपाशी टणक गाठी दिसू लागतात. अशा वेळी घरातील माणसे काळजीपोटी जो पहिला सल्ला देतात, तो बहुधा एकाच शब्दाचा असतो : सोडा. विणकाम सोडा, बागकाम सोडा, बांधीतली रोवणी सोडा. गोंदिया जिल्ह्यातील देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या वनालगतच्या तालुक्यांत या यादीत आणखी एक वस्तू येऊ शकते : खुंटीला टांगलेला तिरकमठा.

मध्य भारतातील गोंड आणि अन्य आदिवासी समाजांत धनुर्विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीशी असलेले तिचे नाते तोडले. मागे राहिले ते कौशल्य, परंपरेचा मान आणि नेमबाजीचा निखळ आनंद. बांबू कोणता निवडावा, तो किती दिवस वाळवावा, बाणाची काडी शेकून सरळ कशी करावी, पीस किती तिरके बांधावे, ही सारी विद्या लिहिलेली नसते. ती वडीलधाऱ्यांच्या हातांत असते. म्हणून सत्तरीच्या माणसाच्या हातून धनुष्य काढून घेतले, की एक खेळ बंद होतो इतकेच नव्हे. नातवंडांसमोरचे त्याचे एक स्थानही जाते. दुसरीकडे, दुखरा हात हट्टाने ओढत राहणे हेही शहाणपणाचे नाही. या दोहोंमध्ये एक वाट आहे. भार नेमका कोणत्या सांध्यावर पडतो ते ओळखावे आणि तो दुसरीकडे वळवावा.

दुखणे कोणते, ते आधी ओळखावे

लोकभाषेत सारेच सांधेदुखीचे प्रकार 'संधिवात' या एका नावाखाली जातात. उपचार मात्र वेगवेगळे असतात. उतारवयात सर्वाधिक आढळतो तो झिजेचा संधिवात. तो हाताच्या तीन ठिकाणी विशेष दिसतो : अंगठ्याचे मूळ, बोटांची टोकाजवळची पेरे आणि मधली पेरे. सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो आणि कामाने वेदना वाढते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये याचे प्रमाण अधिक असते.

आमवात हा वेगळा आजार आहे. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. मनगटे आणि बोटांच्या मुळाशी असलेले सांधे, तेही बहुधा दोन्ही हातांचे, मऊसर सुजतात, सकाळचा ताठरपणा तासभर किंवा त्याहून अधिक टिकतो, थकवा जाणवतो. येथे उशीर महाग पडतो, कारण लवकर औषध सुरू झाले तर सांधे वाकडे होण्यापासून वाचू शकतात. एकच सांधा अचानक लाल, गरम आणि हात लावू न देण्याइतका दुखरा झाला, तर युरिक आम्लाचा त्रास किंवा सांध्यातील जंतुसंसर्ग असू शकतो. ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. चिकुनगुनियाच्या तापानंतरही बोटांचे सांधे कित्येक महिने दुखत राहतात. शिवाय पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. ज्या कुटुंबात हा आजार आहे, तेथे हाडे-सांध्यांचे दुखणे 'वयाचे' म्हणून सोडून देऊ नये. गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याच्याशी जोडलेले रुग्णालय, किंवा जवळचे ग्रामीण रुग्णालय, येथे एकदा निदान करून घ्यावे. सांधे सुजलेले व गरम असतील तोवर धनुष्याला हात लावू नये. पुढील मजकूर प्रामुख्याने झिजेच्या संधिवातासाठी आहे.

चिमटीचे गणित

अंगठ्याच्या मुळाचा सांधा खोगिरासारखा असतो. त्यामुळेच अंगठा चारही बोटांसमोर फिरतो, आणि त्यामुळेच तो लवकर झिजतो. अंगठा ही एक तरफ आहे. टोकाशी घेतलेला छोटासा जोर मुळाशी कित्येक पटींनी वाढतो. हाताच्या यंत्रणेचा अभ्यास करणाऱ्यांनी काढलेला हिशेब असा, की अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत १ किलोचा जोर लावला, तर अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर सुमारे १२ किलोचा दाब येतो. किल्ली फिरवताना, डबीचे घट्ट झाकण उघडताना, कपडे पिळताना येणारी कळ याच गणितातून येते.

हेच गणित धनुष्याला लावून पाहू. दोरी ओढण्याच्या जगभरच्या पद्धतींचे वर्गीकरण एडवर्ड मोर्स या अमेरिकी अभ्यासकाने १८८५ साली केले. त्यात सर्वांत साधी, बहुतेक मुलांना आपोआप येणारी पद्धत म्हणजे बाणाचे शेपूट अंगठा व तर्जनीच्या चिमटीत धरून दोरीसकट ओढणे. दुसरी मंगोल पद्धत. तीत दोरी अंगठ्यानेच ओढतात. मुघल काळातील जेड दगडाच्या अंगठ्या आज संग्रहालयांत दिसतात, त्या याच कामाच्या. तिसऱ्या पद्धतीत तर्जनी, मधले बोट आणि अनामिका यांचा आकडा करून दोरी ओढतात. बाण तर्जनी व मधल्या बोटामध्ये राहतो आणि अंगठा तळहाताकडे सैल पडलेला असतो. ऑलिंपिकमधील धनुर्धर हीच पद्धत वापरतात.

अंगठ्याचे मूळ झिजलेल्या माणसाला पहिल्या दोन पद्धती सोसत नाहीत. तिसरीत अंगठ्याला कामच नसते. जन्मभर चिमटीने बाण सोडलेल्याला हा बदल आरंभी परका वाटेल, नेम चुकेल. पण हात जुने असले तरी नवे वळण घेऊ शकतात. त्याला काही आठवडे द्यावे लागतात, एवढेच.

आपल्या परंपरेला हा बदल अपरिचितही नाही. महाभारताच्या आदिपर्वातील एकलव्याने अंगठा दिल्यानंतर धनुष्य टाकले नाही. तो उरलेल्या बोटांनी बाण सोडू लागला, मात्र त्याचा पूर्वीचा वेग राहिला नाही, असे तेथे सांगितले आहे. त्या कथेतला अन्याय हा स्वतंत्र विषय आहे. पण अंगठ्यावाचून बाण सुटतो, हे त्या कथाकाराला ठाऊक होते. वेग कमी होणे ही त्याची किंमत, आणि उतारवयात ती मोजायला हरकत नाही.

धनुष्य हलके करावे

दुसरा बदल धनुष्यात. आपले धनुष्य किती जड ओढते हे अनेकांना नेमके ठाऊक नसते. ते मोजणे सोपे आहे. धान्य किंवा मोहफुले तोलण्याचा हुकाचा लटकता काटा घ्यावा, हुक दोरीच्या मध्यभागी अडकवावा आणि आपण नेहमी जेवढी ओढतो तेवढी दोरी ओढून आकडा पाहावा. नंतर दोरी हळूहळू परत न्यावी. बाणाशिवाय ती एकदम सोडली तर धनुष्य तडकू शकते. हे काम घरातल्या तरुणाने करावे.

समजा, आकडा १६ किलो आला आणि माणूस सकाळभरात ६० बाण सोडतो. बोटांनी एकंदर ९६० किलोंचा ताण झेलला. तेच धनुष्य ८ किलोंचे केले आणि बाण २० वर आणले, तर बेरीज १६० किलो होते, म्हणजे एक षष्ठांश. आनंद मात्र सहापटीने घटत नाही. लक्ष्य ३० पावलांवरून १२ ते १५ पावलांवर आणावे. नेमाची परीक्षा तीच राहते. लक्ष्याचा आकार तेवढा लहान करावा.

बांबूचे धनुष्य हलके करण्याची युक्ती कारागिरांना माहीत असते : आतल्या बाजूने थोडे थोडे तासत जायचे, बाहेरची टणक साल दुखवायची नाही. येथे हात जपून चालवावा. काठीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो; जाडी दहा टक्के कमी झाली तर ताठपणा सुमारे सत्तावीस टक्क्यांनी घटतो. म्हणून दोन्ही भुजा सारख्या तासून, दर वेळी काट्याने मोजून पुढे जावे. जुने धनुष्य वडिलोपार्जित असेल तर त्याला धक्का न लावता नवे करून घ्यावे, आणि ते जुन्यापेक्षा लांब असावे. आखूड धनुष्य ओढले की दोरीचा कोन तीव्र होऊन बोटे एकमेकांवर चेपली जातात. लांब धनुष्यात तो कोन उघडा राहतो व दुखऱ्या पेरांना आराम मिळतो. धनुष्य हलके झाले की बाणही हलके आणि किंचित लवचीक घ्यावे, नाहीतर ते वाकडे जातात आणि दोष हातांवर येतो.

दोरी ओढताना जोर बोटांचा नव्हे, पाठीचा असावा. बोटे म्हणजे फक्त आकडा. कोपर मागे नेताना दोन्ही खांद्यांची पाती एकमेकांजवळ येत आहेत असे जाणवले पाहिजे. पाठीचे स्नायू मोठे असतात. बोटांचे काम त्यांच्याकडे सोपवावे.

बोटांचे कवच

बारीक दोरी बोटात रुतते. दोरीच्या मध्यभागी, जेथे बोटे लागतात तेथे, सुताचा जाडसर वेढा घालावा. दाब अधिक जागेवर पसरतो. दोरी टोकाच्या पेरावर, म्हणजे नेमकी जेथे गाठी आल्या आहेत तेथे, न धरता पहिल्या आणि दुसऱ्या पेरामधल्या मांसल भागावर घ्यावी. आकडा खोल असला की बोटे वळलेली ठेवायला कमी जोर लागतो. वर मऊ कातड्याची पट्टी किंवा तीन बोटांचा हातमोजा असावा.

काही जुन्या जाणत्यांना असे कवच कमीपणाचे वाटते. त्यांनी वाल्मीकिरामायण आठवावे. विश्वामित्रांबरोबर निघालेल्या राम-लक्ष्मणांच्या वर्णनात गोधा आणि अंगुलित्राण बांधल्याचा उल्लेख आहे. गोधा म्हणजे दोरीचा फटका बसू नये म्हणून हातावर बांधायचे चामडे, आणि अंगुलित्राण म्हणजे बोटांचे रक्षण करणारे आवरण. ऐन तारुण्यातील राजपुत्रांना जे चालले, ते आजोबांना चालायला अडचण नसावी.

धनुष्य धरणाऱ्या हाताची चूक वेगळी असते : मूठ आवळणे. धनुष्याला आवळायचे नसते, पुढे ढकलायचे असते. मूठ धरण्याच्या जागी जुन्या सुती कापडाचा किंवा सायकलच्या ट्यूबचा वेढा देऊन ती जाड करावी. जाड वस्तू धरायला बोटे कमी वळवावी लागतात. मनगट सरळ ठेवावे. बाण सुटल्यावर धनुष्य पडेल या भीतीने मूठ आवळली जाते. त्यासाठी मनगटाभोवती सैल गोफ घालून तो धनुष्याला अडकवावा. धनुष्य पडत नाही, मूठही सैल राहते. अंगठ्याच्या मुळाला आधार देणारी पट्टी, दवाखान्यात जिला स्प्लिंट म्हणतात, ती वापरून पाहावी. एका दिवसात तिचा गुण येत नाही. निदान तीन महिने नियमित वापरावी लागते.

आधी ऊब, मग बाण

हिवाळ्यात गोंदियाचा पारा अनेकदा विदर्भात सर्वांत खाली असतो. थंडीत पहाटेचा सराव टाळावा. ऊन अंगावर येईपर्यंत थांबावे. आधी पाच ते दहा मिनिटे हात सोसवेल अशा कोमट पाण्यात ठेवावेत. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झाली असेल, तर पाणी किती गरम आहे हे घरातील दुसऱ्या व्यक्तीने पाहावे. मग सावकाश, कळ न येईल इतपत, तीन हालचाली प्रत्येकी पाच ते दहा वेळा कराव्यात. बोटे सरळ ठेवावीत, मग फक्त वरची पेरे वळवून आकडा करावा, मग हलकी मूठ मिटावी. अंगठ्याचे टोक प्रत्येक बोटाच्या टोकाला लावून गोल करावा. शेवटी खांद्यांची पाती मागे आणून पाच मोजेपर्यंत धरावीत. कडक चेंडू दाबत बसण्याचा व्यायाम अंगठ्याचे मूळ दुखत असताना करू नये. तेथे चिमटीचेच गणित पुन्हा लागू होते.

किती सराव पुरे, याचे मोजमाप हातच देतो. सरावानंतर वाढलेली वेदना दोन तासांहून अधिक टिकली, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळचा ताठरपणा नेहमीपेक्षा जास्त वाटला, तर पुढच्या वेळी बाण कमी करावेत. तसे झाले नाही, तर तोच आकडा दोन आठवडे ठेवून मगच वाढवावा. रोज ६० पेक्षा एक दिवसाआड २० बरे. आणि ज्या दिवशी रोवणी, विड्या वळणे किंवा मोहफुले वेचणे झाले असेल, त्या दिवशी हातांनी आपला वाटा उचललेला असतो. धनुष्याला विश्रांती द्यावी.

घरच्यांसाठी

काळजी घेणाऱ्यांनी दोन कामे आपल्याकडे घ्यावीत. पहिले, धनुष्याला दोरी चढवणे. यातच अंगठ्यावर सर्वाधिक जोर येतो. नातवाने आजोबांच्या देखरेखीखाली ते करावे. दुसरे, लक्ष्यात रुतलेले बाण उपटणे. लक्ष्य धानाच्या तणसाचे बांधावे, म्हणजे बाण अलगद निघतात. हाताची पकड निसटत असेल तर रबराचा तुकडा बाणाभोवती धरून ओढावा. बाकीचे त्यांचे त्यांना करू द्यावे. मदत मागितली नसताना हातातून वस्तू काढून घेणे हे काळजीचे रूप असले, तरी समोरच्याला ते अपमानासारखे लागते.

सुरक्षेत मात्र भीड धरू नये. मोतीबिंदू झाला असेल तर आधी डोळे तपासून घ्यावेत. तोल जात असेल तर खुर्चीवर किंवा ओट्यावर बसून बाण सोडावेत. लक्ष्यामागे मातीचा उंच बांध असावा, आणि बाण लावलेला असताना कोणीही, लेकरू असो वा गुरे, पुढच्या बाजूला नसावे. दोरी ओढून श्वास फार वेळ रोखू नये.

औषधांबाबत तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हातांच्या झिजेच्या संधिवातात प्रथम वेदनाशामक मलम लावून पाहतात, कारण ते पोटातील गोळ्यांपेक्षा सुरक्षित असते. वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ, स्वतःच्या मनाने घेतल्या तर जठर, मूत्रपिंड व रक्तदाब यांना बाधतात. बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांनी 'एका दिवसात आराम' पडला, तर त्यांत स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. तिसरी गोष्ट आमवाताच्या रुग्णांसाठी : मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले गेले तर प्राणावर बेतू शकते. वार ठरवून तो पाकिटावर ठळक लिहून ठेवावा. इतके करूनही वेदना आटोक्यात येत नसेल, तर सांध्यातील इंजेक्शन किंवा अंगठ्याच्या मुळाची शस्त्रक्रिया यांविषयी तज्ज्ञांशी बोलता येते.

धनुष्य आणि दुर्बळ झालेले शरीर यांचे सख्य जुने आहे. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्याच दिवशी, इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी पाठीच्या कण्याला इजा झालेल्या १६ माजी सैनिक स्त्री-पुरुषांची चाकाच्या खुर्चीवरून धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. पुढे पॅरालिंपिक स्पर्धांचा वृक्ष वाढला तो या रोपातून. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये जम्मू-काश्मीरच्या शीतल देवीने राकेश कुमार यांच्यासह मिश्र गटात कांस्यपदक मिळवले. तिला जन्मतः हात नाहीत. ती पायाने धनुष्य धरते आणि खांद्याच्या आधाराने दोरी ओढते. या साऱ्यांनी केले ते एकच : जो अवयव भार घेऊ शकत नाही त्याला वगळले आणि जो घेऊ शकतो त्याला पुढे केले.

आपल्या घरातील दुखऱ्या अंगठ्यासाठी याहून निराळे काही करायचे नाही. या आठवड्यात काट्याने धनुष्य मोजावे, जड असेल तर हलके करून घ्यावे, कातड्याची एक पट्टी कापावी आणि तणसाचे लक्ष्य बारा पावलांवर लावावे. पहिल्या दिवशी दहा बाण पुरेत.